यकृतातल्या सौम्य गाठीची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : माझा अनुभव

सोनोग्राफीच्या अहवालात यकृतात गाठ असल्याचे वाचल्यावर माणूस आधी मोबाइल उघडतो, आणि तिथे त्याला एक तर कर्करोगाची माहिती मिळते नाही तर यकृत प्रत्यारोपणाची. कर्करोग नसलेल्या गाठींचे काय करतात, कधी करतात आणि कधी काहीच करत नाहीत, याविषयी रुग्णाच्या बाजूने मराठीत लिहिलेले मला फारसे काही सापडले नाही. म्हणून माझ्या बाबतीत काय घडले ते क्रमाने लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. वय अडतीस, कराडला एका पतसंस्थेत नोकरी करते. खर्चाचे आकडे माझ्या पावत्यांवरचे आहेत. शहर आणि रुग्णालय बदलले की ते बदलतील, हे लक्षात घ्यावे.

गाठ सापडली ती योगायोगाने. पीसीओडीच्या त्रासासाठी मी २०१६ पासून, मध्ये काही महिने सोडले तर, पाळी नियमित करणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्या घेत होते. जानेवारी २०२५ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांनी संपूर्ण पोटाची सोनोग्राफी सांगितली आणि ती ९ तारखेला झाली. सोनोग्राफी करणारे डॉक्टर बरगड्यांच्या मधोमध खाली बराच वेळ थांबले, कुशीवर वळायला सांगून त्यांनी पुन्हा तीच जागा पाहिली, तेव्हाच काहीतरी आहे हे कळले होते. अहवालात लिहिले होते की यकृताच्या डाव्या भागात ६.२ बाय ५.१ सेंटिमीटरची गाठ आहे आणि तिचा प्रकार ठरवण्यासाठी पुढील तपासणी आवश्यक आहे. मला दुखत काहीच नव्हते. जेवणानंतर पोट लवकर भरल्यासारखे वाटायचे, पण ते मी बैठ्या कामावर ढकलत आले होते.

आमच्या नेहमीच्या फिजिशियननी रक्ततपासण्या लिहून दिल्या : यकृताच्या कार्याची तपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि अल्फा फीटोप्रोटीन (यकृताच्या कर्करोगात बऱ्याचदा वाढणारे रक्तातले प्रथिन). सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. हे सर्व व्यवस्थित आले. सीआरपी, म्हणजे शरीरात कुठे दाह असला की रक्तात वाढणारे प्रथिन, मात्र थोडे वाढलेले होते. अल्फा फीटोप्रोटीन सामान्य आले म्हणून मी सुटकेचा नि:श्वास टाकणार तोच डॉक्टरांनी सांगितले की हा आकडा चांगला असणे ही जमेची बाजू आहे, पण एवढ्यावरून निदान ठरत नाही. गाठीचे नाव कळेपर्यंत तिच्यावर उपचार करायचा की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.

हा मुद्दा मला तेव्हा नीट उमगला नव्हता, म्हणून इथे थोडा थांबून लिहिते. यकृतात आढळणाऱ्या सौम्य गाठींपैकी सर्वांत जास्त आढळते ती हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची गाठ. ती आकाराने मोठी असली तरी त्रास देत नसेल तर सहसा तिला हात लावत नाहीत. त्याखालोखाल फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया. तिच्यात बऱ्याचदा मध्यभागी व्रणासारखी चांदणी दिसते, ती फुटण्याचा धोका जवळजवळ नसतो आणि निदान पक्के असेल तर बहुतेकांना उपचारही लागत नाही. तिसरी अडिनोमा. ती त्या मानाने दुर्मीळ, मुख्यत्वे स्त्रियांमध्ये आणि विशेषतः इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये आढळते. हिच्या बाबतीत दोन धोके असतात : आत रक्तस्राव होणे, आणि शंभरात चार-पाच जणांमध्ये कर्करोगात रूपांतर होणे. पाच सेंटिमीटरच्या पुढे दोन्ही धोके वाढतात. पुरुषामध्ये अडिनोमा सापडली तर आकार न पाहता ती काढण्याचाच सल्ला देतात. ‘कर्करोग नाही ना, मग राहू दे’ आणि ‘गाठ आहे ना, मग काढून टाक’ ही दोन्ही वाक्ये मी त्या महिन्यात नातेवाइकांकडून भरपूर ऐकली, आणि नाव माहीत नसताना दोन्हींना काहीच अर्थ नव्हता.

नाव ठरवण्यासाठी एमआरआय करायचा होता, तोही साध्या कॉन्ट्रास्टचा (चित्र उठून दिसावे म्हणून शिरेतून देतात ते औषध) नव्हे. यकृताच्या काम करणाऱ्या पेशी शोषून घेतात असे एक विशेष कॉन्ट्रास्ट असते. ते दिल्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी पुन्हा चित्रे घेतात. फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया त्या चित्रांत उजळ राहते, अडिनोमा बहुतेक वेळा काळी दिसते. हे कॉन्ट्रास्ट सगळीकडे ठेवत नाहीत. पुण्यातल्या पहिल्या केंद्राने फोनवर होकार दिला होता, पण कराडहून पहाटेच्या एसटीने निघून, खंबाटकी ओलांडून, उपाशीपोटी तिथे पोहोचल्यावर कळले की औषध संपले आहे आणि साधे चालत असेल तर आता करून देतील. आम्ही परत फिरलो. दुसऱ्या केंद्रात आगाऊ पैसे भरून औषध राखून ठेवायला सांगितले आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन केला. बाहेरगावच्या माणसाने एवढे करावेच. खर्च साडेसतरा हजार, त्यातला मोठा वाटा औषधाचाच. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाच्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल आणि चार तास उपाशी राहणे आवश्यक होते.

यंत्रात पाऊण तास गेला. आवाज कानात बोळे घालूनही मोठा येतो, पण त्याहून अवघड असते ते श्वास रोखणे. ‘श्वास घ्या, सोडा, आता थांबा’ असे ध्वनिवर्धकातून सांगतात आणि पंधरा-वीस सेकंद तसेच राहावे लागते. श्वास सुटला की चित्र हलते आणि पुन्हा घ्यावे लागते. घरी आधी घड्याळ लावून सराव केल्याचा मला उपयोग झाला. अहवाल दोन दिवसांनी आला : अडिनोमा, बहुधा इन्फ्लमेटरी, म्हणजे दाह असलेल्या प्रकारची. सीआरपी वाढलेले असण्याचे कारणही त्यातच होते. हा प्रकार वजन जास्त असणाऱ्यांत अधिक आढळतो, आणि तेव्हा माझे वजन ७४ किलो होते. फिल्म घेतल्या तरी सर्व चित्रांची सीडी मागून घ्यावी. पुढे प्रत्येक तज्ज्ञाने फिल्मपेक्षा सीडीच पाहिली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात यकृताच्या शल्यविशारदांना भेटलो. मी शस्त्रक्रियेची तारीख घेऊनच परत यायचे, अशा तयारीने गेले होते. त्यांनी सीडी पाहिली, गोळ्यांची पाकिटे पाहिली आणि म्हणाले, ‘ताई, गोळी आजपासून बंद. वजन उतरवा. सहा महिन्यांनी हाच एमआरआय परत करू, मग ठरवू.’ स्त्रियांमध्ये गोळ्या थांबवल्यावर काही अडिनोमा आक्रसतात, काही वेळा पाच सेंटिमीटरच्या खाली येतात आणि मग शस्त्रक्रिया टळते. ह्यांनी विचारले की सुईने तुकडा काढून तपासला तर आत्ताच निकाल लागणार नाही का. त्यावर उत्तर असे मिळाले की अडिनोमात रक्त भरपूर असते, सुईमुळे रक्तस्राव होऊ शकतो आणि एवढ्या मोठ्या गाठीचा एक धागा संपूर्ण गाठीची साक्ष देईलच असे नाही. चित्रांवरून शंका राहिली असती तर तो मार्ग घेतला असता.

चिरफाड न करता होणाऱ्या उपायांविषयी मी विचारले, कारण तोवर मी बरेच वाचले होते. सोनोग्राफी किंवा सीटीवर पाहत सुई घालून रेडिओ लहरींनी वा मायक्रोवेव्हने गाठ जाळतात, पण ते तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठींना अधिक चांगले लागू पडते. सहा सेंटिमीटरमध्ये कडेला काही भाग जिवंत राहण्याची शक्यता मोठी. जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन गाठीला रक्त पुरवणारी धमनी बंद करणे, ज्याला एम्बोलायझेशन म्हणतात, ते अडिनोमा फुटून रक्तस्राव होत असताना फार उपयोगी पडते, किंवा शस्त्रक्रिया धोक्याची असेल तेव्हा. माझी गाठ डाव्या कडेच्या भागात असल्यामुळे, काढायची वेळ आलीच तर दुर्बिणीतून काढता येईल, असे त्यांनी कागदावर यकृत काढून दाखवले. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५० च्या दशकात यकृताचे आठ विभाग पाडून दिले, त्यातले दोन आणि तीन क्रमांकाचे विभाग माझे. या दोन विभागांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ही आता रुळलेली पद्धत आहे. २००८ मध्ये अमेरिकेत लुईव्हिल येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत तिला प्रमाण पद्धत मानावे असे ठरले होते. आपल्या गाठीचा विभाग क्रमांक विचारून ठेवावा. मागच्या बाजूच्या किंवा वरच्या विभागांत तेच काम बरेच कठीण असते.

ते सहा महिने शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले, हे मोकळेपणाने सांगते. पोटात वरच्या बाजूला अचानक तीव्र कळ आली, घाम फुटला, चक्कर आली तर थेट मोठ्या रुग्णालयात जायचे, एवढेच सांगितलेले होते. पण रात्री कूस बदलताना जरा कुठे टोचले तरी मी उठून बसायचे. फाइलच्या पहिल्या पानावर निदान, गाठीचा आकार, रक्तगट आणि शल्यविशारदांचा क्रमांक लिहिलेला कागद लावून ठेवला आणि घरात सर्वांना तो दाखवला, त्यानंतर थोडी झोप लागू लागली. गोळी बंद झाल्यामुळे पाळीचा त्रास पुन्हा सुरू झाला. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी हॉर्मोनशिवायची औषधे दिली. संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन यायचे, रात्रीचा भात बंद, असे करत जुलैअखेर वजन ६९ किलोवर आले.

दुसरा एमआरआय १८ ऑगस्टला झाला. गाठ ६.० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ होती तेवढीच, आणि या वेळी तिच्या आत जुन्या लहान रक्तस्रावाची खूण दिसत होती. तो केव्हा झाला हे मला कळलेदेखील नव्हते. आता वाट पाहण्यात काही हशील नव्हते आणि शल्यविशारदांनीही तसेच सांगितले. सासूबाईंचा आग्रह होता की गणपती आणि नवरात्र घरात होऊ द्यावे. घाईची निकड नसल्यामुळे डॉक्टरांनी ते मान्य केले आणि दसऱ्यानंतरचा ७ ऑक्टोबर ठरला.

मधला वेळ विम्याच्या कागदांत गेला. रुग्णालयाचा अंदाज ३ लाख ८० हजारांचा होता आणि माझी पॉलिसी २०२१ पासूनची पाच लाखांची. कॅशलेसचा अर्ज गेल्यावर पहिली शंका आली ती गाठ पॉलिसीपूर्वीची आहे का, अशी. त्यासाठी ९ जानेवारीचा सोनोग्राफी अहवाल, स्त्रीरोगतज्ज्ञांचा पहिला केस पेपर आणि गाठ प्रथम केव्हा कळली याचे शल्यविशारदांचे पत्र द्यावे लागले. दुसरी शंका नावाची. आधार कार्डावर माझे लग्नानंतरचे नाव, पॉलिसीवर माहेरचे. शेवटी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र केले, सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडला, तेव्हा मंजुरी आली. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम आजारी पडण्याआधीच उरकून ठेवावे. दुसरी गोष्ट खोलीची. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि आपण त्याहून महाग खोली घेतली, तर नुसता फरकच भरावा लागतो असे नाही. पुष्कळ पॉलिसींमध्ये शल्यविशारदांच्या शुल्कासह इतर रक्कमही त्याच प्रमाणात कापली जाते. त्यामुळे मी दोघींच्या खोलीत राहिले.

६ ऑक्टोबरला सायंकाळी दाखल झाले. भूलतज्ज्ञांची तपासणी, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या आधीच्या आठवड्यात झाल्या होत्या. रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या बदली धाकट्या दिरांनी व त्यांच्या मित्राने रक्तपेढीत रक्त दिले. श्वास आत ओढून तीन चेंडू वर चढवायचा स्पायरोमीटर, म्हणजे फुफ्फुसांच्या व्यायामाचे साधन, आठवडाभर आधीच आणायला लावला होता. संमतिपत्र वाचायला मी वेळ मागून घेतला. दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया गरज पडल्यास पोट उघडून पूर्ण केली जाईल, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते; तो काही अपयशाचा शेरा नसतो, रक्तस्राव आवरणे महत्त्वाचे असते, असे निवासी डॉक्टरांनी समजावले.

शस्त्रक्रियेविषयी जे सांगते ते अर्थातच नंतर ऐकलेले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली, पाच छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारे घातली. यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती आधीच एक फीत घालून ठेवली होती, रक्तस्राव वाढलाच तर ती आवळून प्रवाह काही मिनिटे थांबवता यावा म्हणून. तिची गरज पडली नाही. यकृत कापायला ध्वनिलहरींवर चालणारे अवजार वापरले, मोठ्या वाहिन्या स्टेपलरने बंद केल्या. सुमारे पावणेतीन तास लागले, आणि रक्त चढवावे लागले नाही. कापलेला भाग पिशवीत घालून माझ्या २०१५ च्या सिझेरियनच्या जुन्या व्रणावरूनच बाहेर काढला, त्यामुळे मोठी नवी खूण झाली नाही. ह्यांना आत बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये तो दाखवण्यात आला : तपकिरी यकृताचा पातळ कड असलेला तुकडा आणि त्यात फिकट पिवळसर, ठिकठिकाणी गडद लाल डाग असलेली लिंबापेक्षा मोठी गाठ. ह्यांनी तिचा फोटो काढला आहे. मी तो बऱ्याच दिवसांनी पाहिला.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. मी घाबरून सिस्टरांना विचारले तर त्या हसून म्हणाल्या, ‘गॅसचं दुखणं आहे ते, मॅडम. चालायला लागलात की जाईल.’ पोटात उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवते आणि ती वेदना खांद्यात जाणवते. दोन दिवसांत ती गेली. पहिली रात्र आयसीयूत काढली, दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढून मावशींनी आणि सिस्टरांनी धरून उभे केले. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि मग हाताच्या जोरावर बसायचे, हे त्यांनी दाखवलेले तंत्र मी पुढचा महिनाभर वापरले. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची. पायांत घट्ट मोजे आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर रोज एक इंजेक्शन. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) पहिल्या दिवशी तीनशेच्या वर गेले तेव्हा मी धास्तावले, पण यकृत कापल्यावर हे आकडे चढतात आणि उतरतात. घरी जाताना ते नव्वदच्या आसपास होते. पोटातली नळी तिसऱ्या दिवशी काढली. तिच्यातून पित्त येत नाही ना, हे रोज पाहत होते.

शनिवारी ११ तारखेला सकाळी सुट्टी मिळाली, पण प्रत्यक्ष बाहेर पडायला संध्याकाळ झाली. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा आहे. आम्हाला त्याच्या दुप्पट वेळ लागला. दिरांनी टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर परिपत्रकाचा उल्लेख करून तक्रार क्रमांक मागितला, त्यानंतर फाइल हलली. एकूण बिल ४ लाख १२ हजार झाले, कंपनीने ३ लाख ६१ हजार दिले. उरलेल्यांत हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबी आणि काही उपकरणांतील कपात होती.

पॅथॉलॉजीचे वेगळे सांगायला हवे. गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून बाहेरच्या प्रयोगशाळेत नेण्याचे काम नातेवाइकांवरच आले होते. बरणीवरचे नाव आणि नोंदणी क्रमांक अर्जावरच्याशी जुळतो का, हे पाहून पावती घ्यावी. अडिनोमाचा उपप्रकार साध्या तपासणीत ठरत नाही, त्यासाठी विशेष रंजकांच्या चाचण्या लागतात. त्यांचे नऊ हजार वेगळे भरले. अहवाल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला : इन्फ्लमेटरी अडिनोमा, आत जुना रक्तस्राव, बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा दोष नाही, कडा मोकळ्या (कापलेल्या कडेवर गाठीचा अंश नाही). बीटा-कॅटेनिनचा दोष असलेल्या प्रकारात कर्करोगाची शक्यता अधिक असते, म्हणून ती ओळ मी आधी शोधली. ह्यांनी फोनवर अहवाल वाचून दाखवला तेव्हा मी पायरीवर बसून चकल्यांच्या भाजणीचा हिशेब करत होते, आणि तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

चार आठवड्यांनी मी कामावर रुजू झाले. दुचाकी आणि पाण्याची बादली उचलणे मात्र सहा आठवड्यांपर्यंत बंद होते. आहाराचे विशेष पथ्य नव्हते, सुरुवातीला थोडे थोडे खावे लागले. इस्ट्रोजेनच्या गोळ्या यापुढे घ्यायच्या नाहीत हे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या केस पेपरवर ठळक लिहून घेतले आहे, म्हणजे दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कोणी सहज लिहून देणार नाही. माझ्या पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीचे साठ आणि सुट्टीनंतरचे नव्वद दिवस यांतला खर्च मिळतो, त्यामुळे ऑगस्टचा एमआरआय बसला, जानेवारी २०२५ चा बसला नाही. तपासणीची सोनोग्राफीही ती मुदत ९ जानेवारीला संपण्याआधीच करून घेतली. तिच्यात उरलेले यकृत छान भरून आलेले आणि नवी गाठ नाही, असे दिसले. पुढची सोनोग्राफी जुलैत आहे. नंतरच्या खर्चाच्या दाव्याची रक्कम फेब्रुवारीत खात्यावर जमा झाली.